हळदीच्या फोटोत हळदच पिवळी दिसत नाही: व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजरबद्दल मदत हवी

रुखवत
सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांनी मामेबहिणीचं लग्न आहे, सांगलीजवळच्या गावी. लग्नाला फोटोग्राफर ठरलाय, पण हळद घरच्या घरी आणि तिचे फोटो मी काढायचे असं मामीने परस्पर जाहीर करून टाकलंय. कारण काय, तर "हिच्याकडे मोठा कॅमेरा आहे." आहे खरा. कॅननचा सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स. दोन वर्षांत मी त्याची डायल हिरव्या चौकोनावरून हलवलेली नाही.

गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलाची हळद होती, तिथे तालीम म्हणून नेला. हळदीचं ताट जवळून घेतलं तर हळद फिक्कट लिंबासारखी आणि मागची पांढरी भिंत निळसर. नवरदेव पांढरं बनियन, पांढरी लुंगी, मागे पांढरी चादर: तो फोटो सगळाच काळवंडला. बनियन धुतलेलंच नाही असं दिसतंय आणि नणंदेने तो विषय अजून सोडलेला नाही. मांडवाखालचे सगळे चेहरे गुलाबी. रात्री घरात बल्बखाली काढलेले केशरी.

मेन्यूत व्हाइट बॅलन्स म्हणून सूर्य, ढग, घर अशी चित्रं दिसतात, आणि एक +/− लिहिलेलं बटण आहे. कशाचं काय करायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

फोकसराव
सोमवार, रात्री ९:२१

टाकतो, पण बेताने. जास्त टाकला की हायलाइट जळतात.

घाटवाटा
सोमवार, रात्री ९:५८

रुखवत, बनियनचं आधी सांगतो, ते सोपं आहे. समोर काय आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही. त्याच्या मीटरला फक्त उजेड मोजता येतो, आणि समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार असं धरून तो चालतो. जुने लोक ज्याला १८ टक्के करडा म्हणतात, तो. फ्रेमभर पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो आवरतो. बनियन करडं होतं आणि त्याच्यासोबत चेहराही बुडतो. उलट, काळी घोंगडी पांघरलेला धनगर फ्रेमभर घेतला तर घोंगडीही करडीच येते, कारण तिथे तो उजेड वाढवतो.

ते +/− बटण म्हणजे त्याला "बाबा रे, हे खरंच पांढरं आहे" असं सांगायची सोय. पांढरं जास्त असेल तर +१ पासून सुरू करा, काळं जास्त असेल तर −१. +१ म्हणजे दुप्पट उजेड, +२ म्हणजे चौपट. चाकाच्या एका खटक्याला साधारण एक तृतीयांश सरकतं. बटण दाबून धरून चाक फिरवायचं.

मात्र हिरव्या चौकोनात यातलं काहीच चालत नाही, व्हाइट बॅलन्सही (प्रकाशाच्या रंगावरचा उतारा) नाही. तिथे सगळा कारभार कॅमेऱ्याचा. डायल पी किंवा एव्हीवर (अर्धा कारभार कॅमेऱ्याचा, अर्धा तुमचा) आणा, मग बोलू.

बर्फातला_वडापाव
सोमवार, रात्री १०:३२

घाटवाटांना +१. माझ्या कॅमेऱ्यावरही सध्या तेच आहे.

मिनेसोटात पहिल्या वर्षी अंगणातल्या बर्फाचे दोनशे फोटो काढून आईला पाठवले. तिचा फोन आला, "तिकडे राख पडते का रे?" इथे बर्फावर ऊन असेल तर मी +१⅓ पासून +२ पर्यंत जातो. अवांतर: उणे तापमानात बॅटरी भराभर उतरते. दुसरी बॅटरी पँटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची.

मांडवीकाठ
सोमवार, रात्री १०:४०

पणजीच्या टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चचं हेच. दुपारच्या उन्हात पर्यटक पायऱ्यांवर उभे राहतात, चर्च मळकट येतं आणि माणसं भुतासारखी काळी. मग म्हणतात, गोव्यात कॅमेरा बिघडला.

रॉमटेरियल
सोमवार, रात्री ११:०५

एवढं कशाला? रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवा, घरी संगणकावर पाहिजे तो रंग लावा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती चिठ्ठी असते, नंतर फाडून दुसरी लावता येते. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोत, तो रंग मुरलेला असतो. धागा इथेच संपला.

तात्या_डार्करूम
मंगळवार, सकाळी ६:१२

धागा संपला नाही, रॉमटेरियल. व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, मान्य. पण जळालेला उजेड, म्हणजे नुसता पांढराफटक झालेला भाग, रॉमध्येही परत येत नाही. थोडाफार येतो, सगळा नाही. आणि संध्याकाळी सहा वाजता मामी "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक गं" म्हणणार, तेव्हा ही पोरगी त्यांना रॉ फाइल पाठवणार काय?

मी फिल्मवाला माणूस, तेव्हाचं सांगतो. कलर निगेटिव्ह डेलाइटची, म्हणजे उन्हाच्या रंगाला जुळवलेली. बल्बखाली लावली की सगळं भगवं. त्यावर उतारा म्हणजे लेन्सला निळा ८०ए फिल्टर. रंग सुधारायचा, पण दोन स्टॉप उजेड खायचा (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड). लग्नाच्या हॉलमध्ये आधीच उजेडाची बोंब, त्यात दोन स्टॉप कुठून आणायचे? म्हणून मुकाट्याने फ्लॅश मारायचा. व्हिडिओवाल्याचा सनगन (हातातला प्रखर दिवा) मध्ये आला की नवरीचा एक गाल फ्लॅशने पांढरा, दुसरा सनगनने केशरी. लॅबवाल्याच्या हातापाया पडून प्रिंटमध्ये थोडं निभावायचं. तुमच्याकडे तो ८०ए फिल्टर आता मेन्यूत फुकट बसलाय, बल्बचं चित्र म्हणून. दोन स्टॉपही मागत नाही. तो वापरायचाच नाही, ही कुठली ऐट?

आणखी एक. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालायचा, कमी झालेला चालायचा नाही. डिजिटलचं उलटं आहे, ते स्लाइड फिल्मसारखं वागतं: कमी चालेल, जास्त नको. माझ्या पिढीला हे उलटं फिरवायला फार वर्षं लागली.

रॉमटेरियल
मंगळवार, सकाळी ८:४०

तात्या, मामीचा मुद्दा मान्य. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढता येतात. जेपेग मामीला, रॉ मला.

फोकसराव
मंगळवार, सकाळी ८:४३

तुम्हाला कशाला? तुमची कोण ती?

निवांत
मंगळवार, सकाळी ११:२०

एवढ्या खटाटोपापेक्षा हळदीलाही तोच फोटोग्राफर बोलवा की. मोबाइलवर पण बरे येतात.

चकलीवाली
मंगळवार, सकाळी ११:४७

निवांत, मोबाइलवर बरे येतात, अगदी खरं. पण पिवळ्याधमक हळदीसमोर मोबाइलही तितकाच गडबडतो, फक्त गुपचूप गडबडतो. त्यातही चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड लॉक होतो, मग बोट वर-खाली सरकवायचं. हेच ते +/−.

रुखवत
मंगळवार, दुपारी २:०५

बनियनचं कळलं, धन्यवाद घाटवाटा! डायल पी वर आणली. जग बुडालं नाही.

आता रंग. वाचताना केल्विन असं काहीतरी भेटलं: मेणबत्ती १९००, बल्ब २८०० च्या आसपास, ऊन ५२००-५५००, सावली ७००० च्या पुढे. म्हणजे आकडा वाढेल तसा प्रकाश निळा. मग भावाच्या कॅमेऱ्यात ७००० टाकलं तर फोटो निळा यायला हवा ना? तो तर पिवळा आला! आणि माझ्या कॅमेऱ्यात के दिसतच नाही, फक्त चित्रं आहेत.

शाळामास्तर
मंगळवार, दुपारी ४:३१

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला दहापैकी दहा. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि लाजेने विचारत नाहीत.

लोहाराच्या भात्यापाशी उभं राहून पाहा. लोखंड तापायला लागलं की आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरंशुभ्र. आणखी तापवता आलं तर निळसर झाक येईल. केल्विनचा आकडा म्हणजे तेच तापमान. म्हणून आकडा मोठा तितका प्रकाश निळा. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण कॅमेऱ्यात तुम्ही आकडा टाकता तेव्हा "असा फोटो दे" असं सांगत नसता, "इथला प्रकाश असा आहे" अशी खबर देत असता. खबर ऐकून तो उतारा करतो. आमटी खारट झालीय असं स्वयंपाकघरात ओरडून सांगा, तिथून कोणी मीठ घेऊन येत नाही, बटाटा टाकायला धावतात. तुम्ही ७००० म्हणालात, त्याने ऐकलं "निळसर सावली आहे", त्याने पिवळा ओतला. प्रत्यक्षात बाहेर ऊन होतं, त्यामुळे ओतलेला पिवळा तसाच राहिला.

चित्रांचंही हेच. घराच्या बाजूला सावली काढलेलं चित्र सर्वांत जास्त पिवळं करतं, ढग त्याहून कमी, सूर्य मधला, बल्ब निळं करतो. तुमच्या कॅमेऱ्यात के नसेल तर घाबरू नका, सुरुवातीच्या मॉडेलांत पुष्कळदा तो नसतो. चित्रांवर आणि कस्टमवर सगळं भागतं.

चकलीवाली
मंगळवार, दुपारी ४:४०

आमटी!!! मास्तर, सात वर्षांत पहिल्यांदा हे माझ्या डोक्यात शिरलं.

भंडारा_भक्त
मंगळवार, रात्री ९:१५

आता हळदीचं मी सांगतो. गेली काही वर्षं सोमवती अमावस्येला जेजुरीला जातोय. पालखी गडावरून कऱ्हेवर निघते तेव्हा भंडाऱ्याने आभाळ दिसत नाही. पायऱ्या, दीपमाळा, माणसं, कुत्री, सगळं पिवळं.

पहिल्या वर्षी व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. घरी येऊन पाहिलं तर सोन्याची जेजुरी गायब. भंडारा फिकट, दगड निळे-करडे, माणसं आजारी. तुमच्या ताटासारखंच, रुखवत. कारण ऑटोलाही ती करड्याची खोड आहे, रंगाच्या बाबतीत. सगळे रंग मिसळले तर सरासरी करडी यावी असा त्याचा हिशेब. फ्रेमभर पिवळं दिसलं की त्याला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि तो त्यात निळा मिसळतो. हळद धुऊन टाकतो म्हणा ना. तुमची भिंत त्याच निळ्याने रंगली.

उपाय अगदी साधा: उघड्यावर असाल तर सूर्याचं चित्र लावा आणि विसरून जा. समोर हळद येवो, हिरवा शालू येवो, कॅमेरा मत बदलत नाही.

कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुढे भोक, रबरबँड. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. मी एकदा बदलली होती. त्याबद्दल बोलायची इच्छा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मंगळवार, रात्री ९:३८

सांगलीची हळद फिक्कीच असते, कॅमेऱ्याचा काय दोष? आमची वायगावची आणा बाप्पा वर्ध्यावरून, ऑटो काय, ऑटोच्या बापाले धुता येणार नाही. हलके घ्या.

रुखवत
मंगळवार, रात्री ९:५०

माझ्या आजोळी हळदीचं शेत आहे. जपून बोला.

फोकसराव
मंगळवार, रात्री ९:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. त्यांनाही हळद लावलीय.

वऱ्हाडी_ठेचा
मंगळवार, रात्री १०:०४

बरं बरं, दोन्ही हळदींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. तह.

घाटवाटा
मंगळवार, रात्री १०:२०

भंडारा_भक्तांचं बरोबर, त्यात उजेडाची भर घालतो. हळद हा उजळ रंग आहे. फ्रेमभर हळद असेल तर मीटर तिलाही करड्यावर खेचतो आणि ती मोहरीच्या कालवणासारखी दिसते. म्हणून तिथेही +१ द्या.

शाळामास्तर
मंगळवार, रात्री १०:४५

घाटवाटा, इथे थोडं थांबा. पांढऱ्याला +१ ठीक, हळदीला नको. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन मार्ग असतात. पांढऱ्यात तिन्ही साधारण सारखे भरतात. हळदीत निळा जवळजवळ रिकामा, हिरवा बऱ्यापैकी आणि लाल काठोकाठ. एकूण उजेडाचा आलेख बघाल तर मधोमध, छान दिसतो, आणि आत लाल केव्हाच सांडलेला असतो. मग हळदीचा रवाळपणा जातो, नुसता पिवळा ऑइलपेंट उरतो. शेंदूर लावलेल्या मारुतीचं, जास्वंदीचं, कुंकवाचं हेच.

फोटो उघडून इन्फो बटण दाबत जा, लाल-हिरव्या-निळ्याचे वेगळे आलेख येतात. लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला तर एक-दोन खटके खाली. आणि सावलीचं चित्र लावलं असेल तर लाल आणखी लवकर सांडतो, कारण ते चित्र लालच वाढवतं.

घाटवाटा
मंगळवार, रात्री ११:०२

मान्य. माझे कासचे तेरड्याचे फोटो आता उघडून पाहिले. गुलाबी ऑइलपेंट. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाणं आलं. +१ मागे घेतो, हळदीला +⅓, फार तर +⅔, आणि आलेख बघून.

सांजवेळ
बुधवार, दुपारी १:१०

थोडं वेगळं लिहिते. चेहऱ्याच्या उजेडाबद्दल इथे कोणी बोललेलं नाही.

मी सावळी आहे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी पिठात बुडवल्यासारखी दिसते. आमच्या फोटोग्राफरने कोणालाही न विचारता मला गोरी केली, बहुधा माझ्या आत्याच्या इच्छेने. ते असो, त्या वयात मला बरंही वाटलं असेल. पण माझी नथ आजीची होती. सात मोती, मधला किंचित पिवळसर, कारण तो बदललेला. अल्बममधल्या एकाही फोटोत ते मोती दिसत नाहीत. नाकाखाली एक पांढरा ठिपका आहे. नथ पुढे मोडली. आता तिचा फोटो कुठून आणू?

रुखवत, तुमची बहीण कशीही असो, तिला जशी आहे तशी काढा. कोणी "जरा गोरी कर" म्हटलं तर बॅटरी संपली म्हणा.

तात्या_डार्करूम
बुधवार, दुपारी ३:२५

सांजवेळ, तुमचा तो फोटोग्राफर मी नव्हतो, पण मीही हे केलंय. गिऱ्हाईक मागायचं आणि आम्ही द्यायचो. दागिने जळतात हे कळत होतं, तरी.

सावळ्या चेहऱ्याला उजेड किती द्यावा यावर जुनी युक्ती सांगतो. आपला रंग कोणताही असो, तळहाताचा रंग माणसागणिक चेहऱ्याइतका बदलत नाही. चेहरा ज्या उजेडात आहे त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, फ्रेम तळहाताने भरायची, मीटर काय म्हणतो ते बघायचं आणि त्यावर एक स्टॉप उजेड वाढवायचा. तळहात करड्याहून साधारण एवढाच उजळ असतो. ते आकडे एमवर (डायलवरची सगळं हाताने करायची जागा) बसवले की समोर गोरी येवो, सावळी येवो, जी ती आपल्या रंगात येते. मीटरने चेहरा मोजत बसलात तर तो गोरीला काळी आणि काळीला गोरी करणार. त्याला सगळ्यांना सारखं करायचंय.

नवख्यांसाठी: एमवर गेल्यावर ते +/− तुमच्यासाठी उजेड बदलत नाही. काटा नुसता सांगतो, करायचं तुम्हाला. बरेच जण काटा मध्यावर आणून खूश होतात, म्हणजे ऑटोच झालं ते, हाताने केलेलं.

सांजवेळ
बुधवार, दुपारी ३:५०

तात्या, प्रांजळपणाबद्दल आभार. रागावले नाही.

मांडवीकाठ
बुधवार, सायंकाळी ६:१८

गुलाबी चेहऱ्यांचं राहिलंच की. मांडवाचं कापड कोणत्या रंगाचं होतं?

रुखवत
बुधवार, रात्री ८:०२

लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचं! दुपारचं ऊन त्यातून गाळून येत होतं. म्हणजे चेहरे खरंच गुलाबी दिसत होते की काय? तेव्हा कोणाला जाणवलं नाही.

शाळामास्तर
बुधवार, रात्री ८:४०

खरंच होते. डोळ्यांमागे मेंदू बसलाय, तो पाच मिनिटांत सवय करून घेतो आणि पांढऱ्याला पांढरं म्हणू लागतो. कॅमेऱ्याला ती लबाडी शिकवावी लागते, म्हणून तर व्हाइट बॅलन्स.

मांडवात कस्टम वापरून पाहा. पांढरी वस्तू नवरीच्या जागी धरा, फ्रेमचा मधला भाग तिने भरा, फोटो काढा. मग मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा, आणि व्हाइट बॅलन्सच्या चित्रांतून कस्टमचं चित्र लावा. शेवटची पायरी लोक विसरतात आणि म्हणतात चालत नाही.

पांढरी वस्तू म्हणून मामांचं धोतर नको! नीळ दिलेलं असेल तर कॅमेऱ्याला वाटेल प्रकाश निळा आहे, आणि सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं होईल. बाजारात करडं कार्ड मिळतं, ते उत्तम.

तरीही लाल-पिवळ्या पट्ट्यांखाली एका गालावर लाल, दुसऱ्यावर पिवळा अशी गत असेल तर कोणताही व्हाइट बॅलन्स दोन्ही गाल सांभाळू शकत नाही. तिथे पाट हलवणं हाच उपाय. मांडवाच्या कडेला, मोकळ्या आभाळाच्या सावलीत.

चकलीवाली
बुधवार, रात्री ८:५५

पाट हलवायचा तर मुहूर्ताआधी गुरुजींना आणि मामीला विचारा. व्हाइट बॅलन्सपेक्षा ते अवघड.

बर्फातला_वडापाव
बुधवार, रात्री ९:३०

रात्रीच्या घरातल्या फोटोंसाठी: बल्ब आणि ट्यूब दोन्ही चालू असतील तर एक बंद करा. मिसळलेला उजेड म्हणजे तात्यांच्या सनगनची गोष्ट पुन्हा. एलईडीच्या माळा असतील तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५०० ने काढलं की फोटोवर आडवे काळे पट्टे. इथे अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून १/६० किंवा १/१२०. भारतात सुट्टीवर आलो की हे हमखास विसरतो.

सांजवेळ
बुधवार, रात्री १०:१२

आणि समई पांढरी करू नका हो कोणी! भाच्याच्या मुंजीत एकाने बल्बचं चित्र लावून देवघरातला सगळा उजेड दुधासारखा केला होता. ज्योत म्हणजे जणू ट्यूबलाइटचं पिल्लू. तो रंग "बरोबर" असेल, पण ते आमचं देवघर नव्हतं.

रॉमटेरियल
बुधवार, रात्री १०:२०

याला शंभर मोदक. समईला मीही सूर्याच्या चित्राच्या जवळपास ठेवतो, अर्धवट पिवळं. बघा, मी सुधारतोय.

रुखवत
रविवार, दुपारी १२:४०

गृहपाठ केला. गॅलरीत नवऱ्याला पांढऱ्या टॉवेलवर बसवलं, हातात हळदीची वाटी. ऑटोवर वाटी लिंबू, टॉवेल निळा. सूर्यावर वाटी हळदीची, टॉवेल जवळजवळ पांढरा. सावलीच्या चित्रावर नवरा केशरी, शाळामास्तर म्हणाले तसा लाल आलेख भिंतीला. गॅलरीत खरं तर सावली होती, पण मला सूर्य आणि ढग यांच्यामधलं आवडलं असतं, शेवटी ढग ठेवला. टॉवेलला +१ देऊन तो टॉवेल झाला. एकूण ६४ फोटो, नवऱ्याचा एकही डोळे उघडे असलेला नाही.

फोकसराव
रविवार, दुपारी १२:५२

हा व्हाइट बॅलन्सचा दोष नाही. संसाराचा आहे.

रुखवत
सोमवार, रात्री १०:२५

धाग्याला वर आणतेय. हळद झाली, लग्न झालं, काल परत आले.

पाट हलवायचं मामीला विचारलं. मामी म्हणाली, "फोटोसाठी पाट हलवायचा?" आणि मग स्वतःच, "आभाळाखाली ऊन नको लागायला पोरीला," असं म्हणून मांडवाच्या उत्तरेच्या कडेला घेतला. ढगाचं चित्र, +⅓, लाल आलेखावर नजर. हळद हळदच आली! सर्वांत चांगला फोटो नवरीचा नाहीच. आमची आजी, वय ८६, तिचे दोन हात नवरीच्या पायांवर. हळद तिच्या बोटांच्या सुरकुत्यांत बसलीय, एकेक रेघ वेगळी दिसते. आणि मनगटावरचं गोंदण, जे आजवर कुठल्याही फोटोत आलं नव्हतं, ते हिरवं-निळं दिसतंय. "गोरी कर" असं एका काकूंनी म्हटलं. बॅटरी संपली म्हणाले. आभार, सांजवेळ.

आता फजिती. संध्याकाळी पांढऱ्या चादरीवरच्या रुखवतासाठी +१⅓ दिलं आणि ते तसंच राहिलं. रात्री देवघरासाठी काहीतरी खटपट करताना बल्बचं चित्र लावलं, तेही तसंच. सकाळी अंगणात वरातीचे पहिले ४० फोटो: निळे आणि पांढरेफटक. मामा हिमालयात गेल्यासारखे दिसतात. कॅमेरा बंद करून चालू केला की हे आपोआप शून्यावर येत नाही का?

तात्या_डार्करूम
मंगळवार, सकाळी ६:०५

सहसा नाही येत, पोरी. सकाळी कॅमेरा हातात घेतला की आधी चार गोष्टी बघायच्या: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स, +/−, कार्ड. आमच्या वेळी पाचवी होती, रोल भरलाय का. एका बारशाला मी ती विसरलो होतो. ३६ फोटो, आत रोल नाही.

आजींच्या हातांचा फोटो मोठा प्रिंट करा. मॅट कागदावर.

रॉमटेरियल
मंगळवार, सकाळी ८:३०

ते ४० फोटो रॉमध्ये आहेत ना? निळं पाच मिनिटांत जाईल. पांढऱ्याफटकाचं, चेहऱ्यांवर तपशील शिल्लक असेल तर बघू.

रुखवत
मंगळवार, सकाळी ९:१०

रॉ आणि जेपेग दोन्ही आहेत! मामांना हिमालयातून परत आणा.

शेवटचा प्रश्न. लेन्सची झूमची रिंग फिरवताना करकरते आणि खाचांत पिवळं दिसतंय. ओल्या कपड्याने पुसू?

भंडारा_भक्त
मंगळवार, सकाळी ९:१३

ओला कपडा अजिबात नको, हळद आहे ती! लेन्स उलटी धरा, हवेचा रबरी फुगा, मग कोरडा मऊ ब्रश. तरीही करकरली तर दुरुस्तीवाल्याकडे. मी चारदा गेलोय, तो आता मला बघून "येळकोट येळकोट" म्हणतो.